दुरुस्त करणार नाही

तैनान, ३ नोव्हेंबर २००५, गुरुवार

साठाव्या वर्षी नोकरी लागली. बिनपगारी आहे, पण कामाचा दिवस ठरलेला आहे, त्यामुळे नोकरीसारखी वाटते.

झालं असं की मी ब्लॉग लिहावा म्हणून लेकीने, युन-च्येने, तैपेईहून संगणक पाठवला. सोबत हाताने अक्षरं काढायची पाटी आणि तिचं पेन, कारण टंकलेखन मला कधी जमलं नाही. "आई, तू दिवसभर बाबांकडे बघत बसतेस. जरा स्वतःचंही काहीतरी कर." ब्लॉगसाठी 'खळं' नावाचं सॉफ्टवेअर तिनेच बसवून दिलं. भात वाळवायच्या खळ्यावरून नाव ठेवलंय. चार-पाच जण फावल्या वेळात ते बनवतात आणि फुकट देतात. या फुकट सॉफ्टवेअरने पहिल्याच दिवशी माझा मथळा मधोमध तोडला. एकतीस वर्षं वर्तमानपत्रात काढलेल्या बाईचा मथळा! मी त्यांच्या चर्चेच्या पानावर चार खरमरीत ओळी लिहिल्या.

उत्तर आलं: "मावशी, आमच्याकडचे परीक्षक सगळे संगणकवालेच. बिघडलं की स्वतःच वाट काढतात, रागवत नाहीत. म्हणून कुठे दुखतंय ते आम्हाला कळतच नाही. तुम्ही याल का रागवायला?" खाली सही होती, 'रताळं'.

हे रताळं म्हणजे शिंचूची एक बाई. दिवसा चिपच्या कारखान्यात नोकरी, संध्याकाळी मुलाला भरवून झालं की हा उद्योग. तिने काम समजावलं. दर गुरुवारी नवी कच्ची आवृत्ती निघते आणि आधीचं लिहिलेलं सगळं पुसलं जातं. म्हणून कच्च्या आवृत्तीत कोणी खरं काही लिहीत नाही. सगळे "अअअ" किंवा "चाचणी चाचणी" लिहितात. काही बिघडलं तर तीन ओळींची नोंद करायची: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. आमचे मुख्य संपादकही यापेक्षा जास्त विचारत नसत.

चिन-थूला सांगितलं, "पंच, तुझी बायको पुन्हा कामाला लागली." तो खिडकीबाहेर बघत होता. बघतच राहिला.

५ नोव्हेंबर, शनिवार

"अअअ" लिहायला बसले, हातच उठेना. कागद फुकट घालवायची सवय नाही. शेवटी माशाच्या पेजेवर लिहिलं: आलं कधी घालायचं, पोटाचा तुकडा कधी सोडायचा. नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचून पाहिलं. कान अडखळला की समजायचं, वाक्य मोडलेलं आहे. गुरुवारी पुसलं जाणार म्हटल्यावर हात फार मोकळा चालतो. छापून आलेलं आयुष्यभर मागे लागतं. याची तशी भीती नाही.

सकाळी वाचाउपचाराची मुलगी चित्रांचे पत्ते घेऊन आली होती. "ल्याव आजोबा, केळं कुठंय? केळं दाखवा बघू." चिन-थूने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिने वहीत लिहिलं, 'प्रतिसाद नाही'.

तीस वर्षं शाळेत खेळ शिकवले याने, आणि रविवारी बेसबॉलचा पंच. अख्खी गल्ली अजून पंच म्हणूनच ओळखते. याने "आउट!" म्हटलं की देवळाच्या छपरावरची कबुतरं उडायची. झटका आला त्याला दीड वर्ष झालं. उजवी बाजू गेली, शब्द गेले. समजतं किती, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मला तर मुळीच नाही.

८ नोव्हेंबर, मंगळवार

रताळ्याने पहिलं खास काम दिलं. आपल्या नावाने आत शिरल्यावर दार किती वेळ उघडं राहतं, ते बघायचं. "पान उघडं ठेवा आणि खुशाल बाहेर जा, मावशी. काही करू नका." काही न करणं हेही काम असतं, हे मला नवीन.

बाजारात गेले. परत आले तेव्हा पान उघडंच होतं. पण पेजेच्या लेखाखाली एक प्रतिक्रिया आली होती. माझ्याच नावाने, आणि पूर्ण रिकामी. एक अक्षर नाही.

नोंद केली. रताळ्याचं उत्तर लगेच: "रिकामी प्रतिक्रिया स्वीकारली जाते, हा आमचा गाढवपणा. बरं पकडलंत! पण ती पाठवली कोणी?"

"मी बाजारात होते."

"म्हणजे सॉफ्टवेअर आपोआप पाठवतंय? बाप रे. पान रोज तसंच उघडं ठेवा."

तुमिनीला बोलले. ही जावाहून आली आहे, चिन-थूचं सगळं तीच करते आणि चांगलं करते. पण फरशी पुसताना टेबलाजवळची माझी खुर्ची पार कोपऱ्यात सरकवते आणि परत ठेवत नाही. "हो आजी, चुकलं आजी," म्हणाली आणि चिन-थूकडे बघून हसली. हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

१० नोव्हेंबर, गुरुवार

नवी आवृत्ती आली. माशाची पेज गेली. आता रिकामी प्रतिक्रिया घेत नाही; निदान एक अक्षर तरी लिहाच, म्हणते. मला ही सुधारणा आवडली. माझ्यामुळे झाली.

१२ नोव्हेंबर, शनिवार

आज आमचं जुनं भांडण लिहिलं. पुसलंच जाणार आहे तर होऊन जाऊ दे.

१९६८ साल. मी उमेदवार बातमीदार, मला शाळकरी मुलांच्या सामन्याला पाठवलं. शेवटचा डाव, एक काटकुळा मुलगा जीव खाऊन घरच्या तळाकडे धावतो, धूळ उडते, आणि तो तरणा पंच उजवी मूठ हवेत मारून ओरडतो, "आउट!" मी तळाच्या रेषेत उभी होते. मुलगा आधी पोहोचला होता. मी तसंच छापलं: पंच चुकले, मुलगा सेफ होता. दुसऱ्या दिवशी पंच कचेरीत हजर. हातात वर्तमानपत्र, कान लाल. "बाई, तुम्ही बेसबॉल पाहिलाय का कधी?" मी म्हटलं, "कालच पाहिला. तुम्ही होतात ना तिथे? मग तुम्हाला कसा नाही दिसला?"

पुढच्या वर्षी लग्न झालं. तो मुलगा आउट की सेफ, ते सदतीस वर्षांत ठरलं नाही. लग्नाच्या जेवणातही भांडलो. तो म्हणायचा, पंच निर्णय देतो, कारणं देत नाही. मी म्हणायची, मग नवरा म्हणून दे.

वाचून दाखवलं. खिडकी.

१४ नोव्हेंबर, सोमवार

बाजारातून आले तर त्या लेखाखाली एक शब्द. 'आउट.'

मी पिशवी खाली ठेवून कितीतरी वेळ बघत राहिले. मग नोंद केली. रताळ्याने विचारलं, हा शब्द लेखात होता का? होता, तीन-चार ठिकाणी. मग तिचं म्हणणं, सॉफ्टवेअर लेखातलाच एखादा शब्द उचलून खाली टाकत असणार. तिचे सोबती दुपारभर शोधत होते. त्यांच्याकडे काही तसं होत नाही. "फक्त तुमच्याकडे होतं, मावशी. तुम्ही काय वेगळं करता?"

"मी खरं लिहिते," मी कळवलं.

संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजलं म्हणून खाली गेले. पिशव्या घेऊन सगळी गल्ली उभी. वडेवाल्या लिन बाईंनी विचारलं, "पंच कसे आहेत?" मी म्हटलं, "आहेत तसेच." त्या म्हणाल्या, "त्यांचं ओरडणं ऐकू येत नाही तर गल्ली कशी बहिरी वाटते."

२० नोव्हेंबर, रविवार

एक निरीक्षण: रविवारी हा दोष घडत नाही. पान उघडं ठेवून बाजारात जाऊन आले, पंचासोबत लिन बाईंना बसवून. काही नाही. मागच्या रविवारीही नाही. रताळ्याला कळवलं.

चिन-थू हल्ली दुपारी फार झोपतो. जेवताना डोळे मिटतात. डावा हात, जो चांगला आहे, तोही काल थरथरत होता. युन-च्येला फोन केला. ती म्हणाली, "आई, ही उतरण आहे. तू ऐकून घे. तैपेईजवळ ताओयुआनला, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, ते वृद्धांचं देखभाल केंद्र आहे ना, तिथे जागा होतेय. चांद्र नववर्षापर्यंत थांबतील ते. तू पण ये माझ्याकडे. तुझे गुडघे बघ."

"बाबांना काय वाटेल?"

"आई, वाटेल असं तुला अजून वाटतं?"

हेच खरं दुखणं आहे. तो मला ओळखत असेल तर त्याला या घरातून हलवणं म्हणजे पाप. ओळखत नसेल, तर मी दीड वर्षं खिडकीशीच बोलते आहे.

२६ नोव्हेंबर, शनिवार

युन-च्ये झाली त्या दिवसाबद्दल लिहिलं. दवाखान्यात दाईने मुलगी हातात दिली तेव्हा हा खेळाचा मास्तर, सहा फुटी गडी, घळाघळा रडला आणि बाळाच्या दुपट्यावर दोन मोठे डाग पडले. वाचून दाखवताना माझाच आवाज अडकला. वाक्य मोडलेलं नव्हतं.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

प्रतिक्रिया: 'घाम.'

हा शब्द लेखात नाही. मी तीनदा तपासलं. रडण्याबद्दल विचारलं की चिन-थू हेच म्हणायचा. "घाम होता तो. जुलै महिना होता." घरात, जेवताना, हसत. बाहेर कोणाला हे ठाऊक असायचं कारण नाही. युन-च्येला ठाऊक आहे, पण ती तैपेईला.

बहुधा मीच आधी कधीतरी कच्च्या लेखात लिहिला असेल आणि तो नीट पुसला गेला नसेल. तसंच नोंदवलं.

तुमिनीला विचारलं, "तू या संगणकाला हात लावतेस का?" ती म्हणाली, "आजी, मला तुमची अक्षरं येत नाहीत. मला सगळी घरांसारखी दिसतात. खिडक्या, दारं." खरं आहे. तिला औषधाच्या बाटल्यांवर मी चित्रं काढून देते.

पाटीचं पेन मात्र डाव्या बाजूला पडलेलं होतं. पुसताना हीच ठेवत असेल.

३ डिसेंबर, शनिवार

रताळ्याचे प्रश्न आता विचित्र होत चालले आहेत.

"रविवारी तुमच्याकडे वेगळं काय असतं?"

"तुमिनीची सुट्टी. बाकी काही नाही."

"आमच्या यंत्राची नोंद सांगते की तुमच्या पाटीवर 'घाम' हा एक शब्द उमटायला पाऊण तास लागला. चारदा खोडलाय. मावशी, सॉफ्टवेअर चुकतं, पण ते खोडत नाही."

"म्हणजे काय?"

उत्तराची वाट न बघता मी भात लावायला गेले.

६ डिसेंबर, मंगळवार

रताळ्याने दोष बंद केला! दोषाच्या स्थितीचे तीन प्रकार असतात: 'दुरुस्त झाला', 'पुन्हा घडत नाही' आणि 'दुरुस्त करणार नाही'. माझ्या दोषापुढे तिसरा लावला. खाली दोन ओळी: "मावशी, यात आमच्या बाजूने दुरुस्त करण्यासारखं काही नाही. तुम्ही रोज पान उघडं ठेवून बाजारात जात जा. घाई करू नका. भाज्या नीट निवडून घ्या."

भाज्या! इतकं बेजबाबदार उत्तर मला माझ्या कारकिर्दीत कोणी दिलं नव्हतं. मी लिहिलं की मला कारण हवं आहे. तिने लिहिलं, "मी सांगितलं तर तुम्ही खात्री करून घेतल्याशिवाय मानणार नाही. तुम्ही वर्तमानपत्रवाल्या. मग तुम्हीच करा ना."

रात्रीपर्यंत रागात होते. मग राग उतरला आणि त्याखाली जे होतं त्याची भीती वाटली. बातमीची खात्री दोन बाजूंनी झाल्याशिवाय ती छापायची नाही, हे मी नव्या पोरांना शिकवायची. ही बातमी मला हवी आहे. म्हणून तर माझ्यावरच विश्वास ठेवता येत नाही.

१३ डिसेंबर, मंगळवार

आठवडाभर धीर झाला नाही. आज केलं.

सकाळी एक खोटा लेख लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून खोटी बातमी. लिहिलं की भाच्याच्या लग्नात दोन पेले चढल्यावर पंचाने सगळ्यांसमोर कबूल केलं, १९६८चा तो मुलगा सेफ होता, माझीच चूक झाली. मोठ्याने वाचलं. सावकाश, ठासून. पिशवी घेतली आणि बाहेर पडले.

बाजारात गेलेच नाही. कोपऱ्यावर लिन बाईंच्या बाकड्यावर बसले. त्यांनी वाडग्यातला तांदळाचा वडा पुढे ठेवला, तो गार झाला तरी चमचा लावला नाही. "भांडलात का पंचाशी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बघू. तसं झालं तर मिठाई देईन."

घरी आले. फरशी नुकती पुसलेली, अजून ओली. तिच्यावर चाकांच्या दोन रेघा, खिडकीपासून टेबलापर्यंत आणि परत. खुर्ची कोपऱ्यात. पेन डावीकडे. लेखाखाली:

'खोटं.'

चिन-थू खिडकीशी, पाठ माझ्याकडे. कान लाल.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. तुमिनी मागून आली.

"आजी, रागावू नका."

"कधीपासून चाललंय हे?"

"तुम्ही माशाचं वाचलंत ना, तेव्हापासून. तुम्ही गेलात की आजोबा डावा पाय ठोकतात. मला आधी वाटलं, संडासला जायचंय. नेलं तर डोळे वटारले. मग त्या टेबलाकडे बघितलं. पहिल्या दिवशी नुसतं बटण दाबता आलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी असं केलं." तिने तळहात माझ्यासमोर आडवा धरला. पंचाची 'थांबा'ची खूण. "आणि आजी, तुम्ही समोर असलात की त्यांचा हात थांबतो. तुम्ही लगेच 'जमेल, जमेल' म्हणता. तुम्ही म्हटलं की नाही जमत."

मी नळ बंद केला. त्याला काही बोलले नाही. केळं ओळखून दाखवा म्हणणाऱ्यांत मला जायचं नाही.

१६ डिसेंबर, शुक्रवार

काल गुरुवार होता. 'खोटं' पुसलं गेलं. छापलेलं जपणारी बाई मी. पहिल्यांदा पुसल्याचं इतकं वाईट वाटलं.

युन-च्येला फोनवर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "आई, एकेक शब्द आहे. तू मला दाखवू शकतेस?" दाखवायला काही उरलेलं नाही. "तो लिहितो तेव्हा तू पाहिलंयस?" पाहिलेलं नाही. "आई, तुला जे हवंय ते तू वाचतेयस. मी तुला खोटी नाही म्हणत गं."

मी तिला दोष देत नाही. पुराव्याशिवाय मीही छापलं नसतं. ती जानेवारीत येऊन काय ते ठरवणार आहे.

२२ डिसेंबर, गुरुवार

हिवाळ्याचा सर्वांत लहान दिवस. तांदळाचे गोड गोळे केले. त्याच्या घशात अडकतील म्हणून वाटाण्याएवढे कापले. याच आठवड्यात मी आमच्या सहलीबद्दल लिहिलं होतं, तो डोंगरावर वाट चुकला ती. प्रतिक्रिया आली होती: 'नकाशा तुझा.'

दोन शब्द! नकाशा माझ्याच हातात होता, हे खरं आहे.

आता मी बाजारात जास्त वेळ थांबते. भाज्या नीट निवडते. घरात एवढा पालक झालाय की तुमिनी म्हणते, "आजी, आता शेजाऱ्यांना वाटू का?"

७ जानेवारी २००६, शनिवार

युन-च्ये आली. बाबांच्या गुडघ्याशी बसून बोलली. तो तिच्या केसांकडे बघत होता. तिचे केस पांढरे व्हायला लागलेत, हे मलाही आजच दिसलं.

जेवणानंतर तिने अचानक विचारलं, "आई, मी लिहू का त्यात?" माझ्या नावाच्या उघड्या पानावर तिने लिहिलं आणि माझ्यासारखंच मोठ्याने वाचलं. आवाज तिच्या बँकेतल्या गिऱ्हाइकांशी बोलल्यासारखा कोरडा ठेवायचा प्रयत्न केला, जमला नाही.

"बाबा, मी युन-च्ये. आईचे गुडघे गेलेत आणि ती सांगत नाही. माझ्या घराजवळ एक चांगली जागा आहे. मी तुम्हाला तिकडे नेऊ का? तुम्ही सांगाल तसं करीन."

मग आम्ही दोघी बाहेर पडलो. देवळात गेलो, तळ्याभोवती फिरलो, पपईचं दूध प्यायलो. ती एकदाच म्हणाली, "काहीच नसेल लिहिलेलं तर तू मला माफ कर."

लांबून येताना तुमिनी दारात उभी दिसली. डोळे पुसत होती.

लेखाखाली होतं:

'ने. आई दमते.'

युन-च्ये मटकन खाली बसली. रडताना ती अगदी त्याच्यासारखी दिसते. मी मात्र रडले नाही. मला राग आला, खरा, जुना, १९६८चा. तळहाताची खूण वगैरे गेली उडत. सरळ खिडकीशी गेले आणि त्याच्या पुढ्यात उभी राहिले.

"पंच," मी म्हटलं, "हा निर्णय चुकलाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं.

"मी तेव्हाही रेषेत उभी होते, आताही आहे. तुला दिसलेलं नाही, मला दिसलंय. माझे गुडघे माझे आहेत. दमले तर दमेन. तुझ्याशिवाय मी त्या ताओयुआनच्या आसपास काय करू, भाज्या निवडू? तू घरी आहेस. घरी पोहोचलेल्याला बाद करता येत नाही. आता दे निर्णय. आणि या वेळी मी समोरून हलणार नाही."

त्याचा हात थांबला नाही. डावा हात मांडीवरून उठला आणि बाजूला पसरला. आडवा, तळहात जमिनीकडे. सेफ म्हणायला दोन हात लागतात, त्याच्याकडे एकच आहे. तो तसाच अर्धा धरून माझ्याकडे बघत राहिला.

मी त्याच्या उजव्या अंगाला खुर्चीला चिकटून उभी राहिले आणि माझा उजवा हात पसरला. तेव्हा ती खूण पुरी झाली.

मागे तुमिनी युन-च्येला विचारत होती, "ताई, हे काय?" युन-च्येने डोळे पुसत आपले दोन्ही हात पसरून दाखवले.

१५ जानेवारी, रविवार

जागा सोडली. युन-च्येने स्वतः फोन केला. महिन्यातले दोन रविवार ती येणार, तुमिनीच्या सुट्टीला. आमचा पलंग खालच्या खोलीत आणला, म्हणजे मला जिने नकोत. वाचाउपचाराच्या मुलीला मी सांगितलं, केळं नको, काल रात्री टीव्हीवर दाखवलेल्या जुन्या सामन्याचे गुण विचार. तिने विचारले. चिन-थूने डाव्या हाताने चार बोटं दाखवली आणि मग तीन. बरोबर होतं. तिने वहीत काय लिहिलं ते पाहिलं नाही.

२७ जानेवारी, शुक्रवार

उद्या चांद्र वर्षाची शेवटची रात्र. घर झाडून झालं, दारावर लाल कागद लागले. काल 'खळ्या'ची पक्की आवृत्ती निघाली. आता काही पुसलं जाणार नाही.

उघडून बघते तर माझे जुने सगळे लेख जागच्या जागी. माशाची पेज, सामना, दुपट्यावरचे डाग, तो खोटा लेखसुद्धा. त्यांच्याखाली त्याचे शब्द. रताळ्याची चिठ्ठी: "मावशी, दर गुरुवारी पुसायच्या आधी तुमचं तेवढं काढून ठेवायचे. नियमात बसत नाही, कोणाला सांगू नका. पंचांना नववर्षाचा नमस्कार."

पेजेखालची पहिली, रिकामी प्रतिक्रियाही होती. पक्की आवृत्ती रिकामी प्रतिक्रिया घेत नाही. ती तिने हाताने बसवली असणार.

आता पान उघडं ठेवून बाजारात जायची गरज नाही. चिन-थूची खुर्ची टेबलाशी असते, माझी तिच्या उजवीकडे. त्याचं एक अक्षर होईपर्यंत मी शेंगा सोलते आणि 'जमेल' म्हणत नाही.

आज पहिला खरा लेख टाकला, १९६८च्या सामन्याचाच, आणि शेवटी त्याला उघड विचारलं. त्याने लिहिलं. मी रताळ्याला शेवटची नोंद पाठवली:

काय केलं: सदतीस वर्षांनी नवऱ्याला विचारलं की तो मुलगा सेफ होता ना?

काय व्हायला हवं होतं: होय.

काय झालं: 'आउट.'

स्थितीच्या रकान्यात मीच लिहिलं: दुरुस्त करणार नाही.